रात्री दोन वाजता कोण जागे असते?

वरळी कोळीवाड्यात रात्रीबेरात्री कोणाच्या छातीत कळ आली की पहिली झुंज गल्लीशी द्यावी लागते. रुग्णवाहिका आत शिरत नाही. ती रस्त्यावर थांबते आणि रुग्णाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, वळणावळणाने बाहेर आणावे लागते. एक जण पुढे मोबाइलचा उजेड धरतो, दुसरा उभ्या दुचाक्या बाजूला सारतो. हे काम कोळीवाडा चोख करतो, कारण इथे शेजार अजून जिवंत आहे. त्यानंतरचा निर्णय मात्र घाबरलेल्या मनाने, उभ्या उभ्या होतो. केईएमला न्यायचे, नायरला न्यायचे, की जवळच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये? तिथे कॅशलेस होते. तिथे गेल्या वर्षी काकांना ठेवले होते. तिथे स्वच्छता चांगली आहे. एवढ्याच ऐकीव माहितीवर माणूस आपल्या आईचा किंवा बापाचा जीव परक्या हातात देतो.

याला निवड म्हणता येत नाही. ज्या जागेत माणूस अंथरुणावर असहाय पडून राहणार आहे, तिथे रात्री किती परिचारिका असतात, आग लागली तर खाली उतरायला दुसरा जिना आहे का, पालिकेचा अधिकारी शेवटचा कधी येऊन गेला आणि त्याला काय आढळले, यातले एकही उत्तर मुंबईकराला मिळत नाही. वरळी, प्रभादेवी, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर चालणारी नर्सिंग होम काही नवी नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी पिढ्यान्पिढ्या बाळंतपणे केली, हाडे जोडली, मध्यरात्री दार उघडले. चांगल्या डॉक्टरांनी चालवलेले चांगले नर्सिंग होम हा या वस्त्यांचा मोठा आधार आहे, हे आम्ही मनापासून मानतो. पण चांगले कोणते आणि धोक्याचे कोणते, हे बाहेरून ओळखण्याचे कोणतेही साधन नागरिकाच्या हाती दिलेले नाही. धोका इथेच आहे आणि तो आज, या क्षणी, शहराच्या प्रत्येक विभागात चालू आहे.

नेमकी मागणी कशी करावी, हे कोळीवाड्याला कोणी शिकवायला नको. सागरी किनारा मार्गाचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी उभे राहू लागले तेव्हा इथल्या मच्छीमारांनी नुसता ‘आम्हाला सुरक्षित वाट द्या’ असा अर्ज केला नाही. दोन खांबांमधले अंतर 60 मीटर ठेवले जात होते. वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून होडी काढणे जिवावर बेतेल, हे त्यांनी आपल्या अनुभवाने सांगितले. बोटी आडव्या लावल्या, काम रोखले आणि मोठ्या अंतराचा आकडा मागितला. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने 120 मीटर मान्य केले. ‘सुरक्षित’ या शब्दाला सरकारी कागदावर वजन नसते. मीटरला असते. नर्सिंग होमच्या बाबतीतही आता असेच मोजमाप मागावे लागेल आणि पहिला आकडा मागायचा तो रात्रीचा.

रात्रीचाच का, ते गेल्या काही वर्षांतल्या घटना सांगतात. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात 9 जानेवारी 2021 रोजी पहाटेपूर्वी आग लागली आणि 10 बाळे गेली. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर थाटलेल्या सनराइज रुग्णालयाला आगीने वेढले ते मार्च 2021 मधल्या एका मध्यरात्री. त्यानंतर महिनाभरात विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, तोही रात्री तीनच्या सुमारास. 28 एप्रिल 2021 ला मुंब्र्याच्या एका खासगी रुग्णालयात पहाटे आग लागली आणि रुग्णांना हलवता हलवता चौघे दगावले. दिल्लीच्या विवेक विहारमधल्या नवजात बाळांच्या एका खासगी केंद्रात 25 मे 2024 च्या रात्री आग लागली आणि सात बाळे होरपळली. त्या केंद्राच्या परवान्याची मुदत 31 मार्चलाच संपली होती, मान्यता पाच खाटांची होती आणि त्या रात्री आत बारा बाळे होती. दिवसाही आगी लागल्या आहेत. अंधेरीचे कामगार रुग्णालय 17 डिसेंबर 2018 रोजी दुपारी पेटले, नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग 6 नोव्हेंबर 2021 रोजी सकाळी. पण रात्री माणसे कमी असतात, असलेली थकलेली असतात, मोठे डॉक्टर घरी असतात, आणि ऑक्सिजनची मुख्य कळ कुठे आहे हे ज्याला ठाऊक असते तो नेमका त्या पाळीला नसतो.

छोट्या नर्सिंग होमची रात्र कशी असते, हे ज्यांनी नातेवाइकासाठी बाकावर बसून रात्र काढली आहे त्यांना माहीत आहे. नावाची पाटी नामांकित सर्जनची असते, ड्युटीवर एकटा निवासी डॉक्टर, म्हणजे आरएमओ, असतो. अनेकदा तो आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो आणि दिवसभर दुसरीकडे काम करून आलेला असतो. परिचारिकेच्या गणवेशातली मुलगी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली आहे की नर्सिंग ब्युरोने पाठवलेली, सहा महिने हाताखाली शिकलेली, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. कमी पगारात, पाठोपाठ दोन पाळ्या करत, ती जे निभावते ते थोर आहे. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात 26 परिचारिकांना एकाच वेळी कोविडची लागण झाल्याचे उघड झाले आणि ते रुग्णालय सील करावे लागले, हे शहराने पाहिले आहे. जिथे परिचारिका सुरक्षित नाही तिथे रुग्णही सुरक्षित नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? वरळी कोळीवाडा त्याच्या आठवडाभर आधी, 30 मार्चला, बंद झाला होता. संसर्ग दाटीच्या जागी कसा पसरतो हे या वस्तीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी होते ती 1949 च्या कायद्याखाली. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. जुना कायदा तसा दुबळा नाही. नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालवता येत नाही, नोंदणीची मुदत तीन वर्षांची, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक, आणि आरोग्य अधिकाऱ्याला आत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार. मुंबईत हे काम महापालिकेचे. जानेवारी 2021 मध्ये नियम सुधारले गेले. रुग्ण हक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, बिलासाठी मृतदेह अडवू नका, तक्रार निवारणाची सोय करा, असे त्यात आले. त्याआधीचा 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा आहेच. त्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन दलाला द्यायचा असतो.

म्हणजे कायदा आहे, अधिकारी आहे, कागदही आहे. ज्या माणसासाठी हे सारे आहे तो मात्र या साखळीत कुठेच नाही. तपासणीत काय आढळले ते फायलीत जाते. फॉर्म बी भरला की नाही ते अग्निशमन केंद्राला कळते. कोणत्या नर्सिंग होमला नोटीस गेली, कोणाची मुदत संपली, कोणाची खाटांची संख्या कागदावर दहा आणि प्रत्यक्षात सोळा, हे बाहेर येते ते माणसे मेल्यावर, चौकशी अहवालात. विवेक विहारच्या परवान्याची तारीख आपल्याला केव्हा कळली? सात शवपेट्या निघाल्यानंतर.

विमा कंपन्यांचे पाहा. विमा नियामकाने रुग्णालय कशाला म्हणायचे हे ठरवून दिले आहे. स्थानिक कायद्याखाली नोंदणी नसेल तर दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात किमान पंधरा खाटा हव्यात, चोवीस तास पात्र परिचारिका हव्यात, चोवीस तास डॉक्टर हवा, सुसज्ज शस्त्रक्रियागृह हवे. दावा आला की कंपनी हे तपासते, नोंदणी क्रमांक मागते, शंका आली तर माणूस पाठवते. पैसे वाचवायला हे सारे करता येते. मग जो जीव तिथे झोपणार आहे त्याच्या मुलीला हीच माहिती आधी का मिळू नये? राष्ट्रीय स्तरावरचे एनएबीएच मानांकनही आहे, लहान रुग्णालयांसाठी त्याचे वेगळे निकष आहेत. पण ते ऐच्छिक आहे. जो तयारीचा आहे तो घेतो. ज्याच्याकडे पाहायला हवे तो त्या वाटेला जात नाही.

इथवर झाले ते उपचारांच्या नर्सिंग होमबद्दल. याहून गडद काळोख दुसरीकडे आहे आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मध्य मुंबईच्या घराघराला तो भेडसावणार आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंशाने घरची वाट विसरलेले, खुब्याचे हाड मोडल्यावर पुन्हा उभे न राहिलेले वृद्ध सांभाळणाऱ्या संस्था झपाट्याने वाढत आहेत. कोणी तिला केअर सेंटर म्हणते, कोणी असिस्टेड लिव्हिंग, कोणी सरळ वृद्धाश्रम. राज्यात साठीपुढची माणसे 2011 च्या जनगणनेतच दहा टक्क्यांच्या घरात पोहोचली होती. गिरणगावातल्या चाळी पाडून मनोरे उभे राहिले, मुले विरार-बदलापूरला गेली, काही आखातात, काही अमेरिकेत. कोळीवाड्यात अजून एका छताखाली तीन पिढ्या नांदतात हे खरे. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी वाहून गुडघे झिजवलेल्या आजीला सुना-नाती उठवतात, बसवतात. पण त्या सुनाही आता नोकरीवर जातात, पोटमाळ्यावरच्या खोलीतून आजीला शौचाला खाली आणणे रोजचे युद्ध होते, आणि कधीतरी कोणीतरी पनवेलच्या किंवा कर्जतच्या एका ‘होम’चा फोन नंबर देतो. या निर्णयासाठी आम्ही कोणत्याही मुलाला किंवा मुलीला दोषी धरणार नाही. सांभाळणाऱ्याची कंबर मोडल्यावर घरात दोन रुग्ण होतात. प्रश्न आहे तो त्या फोन नंबरच्या पलीकडे काय आहे याचा.

पलीकडे बहुतेक वेळा कायद्याची पोकळी आहे. आरोग्य खाते म्हणते, हा वृद्धाश्रम, आमच्याकडे येत नाही. सामाजिक न्याय खाते म्हणते, आम्ही अनुदान देतो त्या संस्था पाहतो, खासगी पैशांवर चालणाऱ्यांचे काय करणार? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा 2007 मध्ये आला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे, आश्रमांचे दर्जे ठरवण्याची मुभाही राज्य सरकारला आहे. माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2018 रोजी केंद्राला सांगितले की राज्यांकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती घ्या. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर न्यायालयाला मोजणीपासून सुरुवात करावी लागली, यातच सारे आले. केंद्राने 2019 मध्ये या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक लोकसभेत आणले. वृद्धांच्या केअर होमची आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी, किमान दर्जा, हे त्यात होते. ते स्थायी समितीकडे गेले, अहवाल आला, आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबर विधेयकही संपले.

विमाही इथे हात वर करतो. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, चालवणे अशा शुश्रूषेचा खर्च, मग तो घरी असो की संस्थेत, आरोग्य विम्याच्या नेहमीच्या अपवादांत मोडतो. म्हणून विमा कंपनीचा माणूसही या दारात कधी येत नाही. पालिका येत नाही, समाजकल्याणवाले येत नाहीत, विमावाले येत नाहीत. आत आहेत ती माणसे, ज्यांतली काही बोलू शकत नाहीत, काहींना आजचा वार आठवत नाही, आणि जी बोलू शकतात ती संध्याकाळी त्याच आयाच्या हातून जेवणार असल्याने गप्प राहतात.

याचा शेवट कुठे होतो? दिल्लीच्या ग्रेटर कैलासमध्ये, म्हणजे राजधानीच्या श्रीमंत वस्तीत, 1 जानेवारी 2023 च्या पहाटे एका केअर होमला आग लागली आणि दोन अतिवृद्ध महिला गेल्या. नोएडाच्या सेक्टर 55 मध्ये जून 2025 मध्ये महिला आयोगाच्या पथकाने धाड घातली तेव्हा चाळीसच्या आसपास वृद्ध सापडले. काही कोंडलेले होते, एका वृद्धेचे हात बांधलेले होते. त्यांच्या नातेवाइकांनी पैसे भरले होते. आपल्या भिवंडी तालुक्यात सोरगावच्या वृद्धाश्रमात नोव्हेंबर 2021 मध्ये साठहून अधिक जणांना एकाच वेळी कोविड झाला, बहुतेकांच्या लसीच्या दोन्ही मात्रा पूर्ण झालेल्या असताना. तिथे कोणी छळ केला नव्हता. एका छताखाली इतकी अशक्त माणसे असली की एकाचा खोकला सर्वांचा होतो, आणि म्हणूनच अशा जागी नियम रुग्णालयाहून सैल ठेवून चालत नाहीत.

आमचे म्हणणे असे आहे की नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. 1949 च्या कायद्यातली नर्सिंग होमची व्याख्या आजारी, जखमी आणि अशक्त अशा तिन्ही माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेला लागू होते. नाकात रायल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर आणि पाठीला जखम असलेली माणसे जिथे महिनोन्महिने ठेवली जातात आणि त्यांची ड्रेसिंग होतात, ती जागा या व्याख्येत बसत नसेल तर कोणती बसेल? राज्याच्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढून हे स्पष्ट करावे. धर्मादाय म्हणून, आश्रम म्हणून, सेवाकेंद्र म्हणून कोणालाही सूट नको. दहा निरोगी वृद्ध भजन करत राहतात ती जागा वेगळी. ती या कायद्याखाली आणा असे आम्ही म्हणत नाही.

परिपत्रक निघेपर्यंत कुटुंबांनी काय करायचे? पाहायला जायचे, आणि ठरवून न जाता जायचे. दुपारी चारला, मालकाने वेळ दिल्यावर, सगळ्याच जागा टापटीप असतात. रात्री नऊनंतर जा. दार कोण उघडते, किती वेळाने उघडते, ते पाहा. मजल्यावर किती रुग्ण आणि किती जागी माणसे, ते मोजा. रात्री भेटू देत नाही असे उत्तर मिळाले तर तेही उत्तरच आहे. मग रुग्णाच्या पाठीकडे या. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी दुसऱ्याने वळवावे लागते. नाहीतर माकडहाडाशी, टाचांना, खुब्यांना कातडी आधी लाल होते, मग काळवंडते, मग फुटते, आणि त्या खड्ड्यातून हाड दिसू लागते. बेडसोअर म्हाताऱ्या माणसाला होतातच असे संस्थाचालक सांगतील. अतिशय अशक्त माणसाच्या बाबतीत कधी कधी ते टळत नाहीत हे खरे, पण बहुतेक वेळा ते टाळता येतात. हवेची गादी हवी, कोरडी चादर हवी, वेळेवर डायपर बदलला जायला हवा, आणि सर्वांत आधी रात्री बारा, दोन, चार आणि सहा वाजता त्या माणसाला वळवणारे दोन हात हवेत. वळवल्याच्या वेळांचा तक्ता मागा. तो रोज भरलेला असतो की महिनाभराचा एकाच शाईने, एकाच बसणीत भरलेला, हे डोळ्यांना कळते. आणि थेट विचारा, इथे दाखल झाल्यावर नव्याने जखम झालेले रुग्ण सध्या किती? कोणत्याही संस्थेचा दर्जा सांगणारा याहून प्रामाणिक आकडा आम्हाला ठाऊक नाही.

पाण्याचा पेला रुग्णाच्या हाताला लागतो का, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवलेला आहे? घंटा दाबली तर वाजते का? नखे कापलेली आहेत का? सगळेच रुग्ण भरदिवसा गाढ झोपलेले दिसले तर औषधांचा कागद मागा. झोपेच्या आणि शांत ठेवण्याच्या गोळ्या माणसांची कमतरता झाकण्यासाठी दिल्या जातात, हा जगभरचा अनुभव आहे. मनगटावर दोरीचा किंवा पट्ट्याचा वळ दिसला तर तिथून बाहेर पडा आणि पोलिसांकडे जा. जिना चढून-उतरून पाहा. दुसरा जिना आहे म्हणतात तो उघडा, कारण बऱ्याच ठिकाणी तिथे जुन्या गाद्या, मोडक्या खाटा आणि सिलिंडर रचलेले असतात आणि दाराला कुलूप असते. लिफ्ट बंद असताना चादरीत घालून एका अंथरुणग्रस्त माणसाला खाली आणायला किती जण आणि किती मिनिटे लागतील, हे विचारा. खुर्चीत बसवून गल्लीतून रुग्ण बाहेर काढणाऱ्या कोळीवाड्याला हा हिशेब लगेच समजेल. एका माणसाला चौघे लागतात. बारा अंथरुणग्रस्तांना रात्रपाळीचे दोघे कसे काढणार?

सर्वोच्च न्यायालयाने राजकोटच्या कोविड रुग्णालयातील आगीनंतर डिसेंबर 2020 मध्ये सर्व राज्यांना रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करायला सांगितले होते. पुढे 19 जुलै 2021 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने रुग्णालये हा जागांचा धंदा झाल्याबद्दल संताप व्यक्त केला. चार खोल्यांच्या घरात चालणारी असली रुग्णालये माणसांच्या जिवावर उठणार असतील तर ती बंद झालेली बरी, इथपर्यंत न्यायालय बोलले. आम्ही सरसकट बंदीच्या बाजूचे नाही. दादर-परळमधली छोटी नर्सिंग होम एका फटक्यात बंद केली तर आधीच तुडुंब भरलेल्या केईएमच्या जमिनीवरही जागा उरणार नाही, आणि खर्च परवडणाऱ्याला कॉर्पोरेट रुग्णालयाशिवाय दुसरी वाट उरणार नाही. चांगल्याला जगवायचे असेल तर चांगले-वाईट उघड दिसले पाहिजे, एवढाच मार्ग आहे.

इतर देशांनी हे केले आहे आणि त्यांच्या चुकाही आपल्या कामाच्या आहेत. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होमची नियमित, अचानक तपासणी सक्तीची झाली. 2008 पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे मिळू लागले. परंतु कर्मचारी किती, हे संस्थाच कळवत आणि फुगवून कळवत. म्हणून 2016 पासून तिथे पगारपत्रकावरून कर्मचाऱ्यांचे तास मोजणे सुरू झाले, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी माणसे किती घटतात हे उघड्यावर आले. वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलंड इथल्या ज्या नर्सिंग होममध्ये 2020 च्या सुरुवातीला कोविडने हाहाकार माजवला, त्याला पूर्ण पाच तारे होते. तेव्हा ताऱ्यांनी भुलून चालणार नाही, कच्चा आकडाच पाहिजे. इंग्लंडमध्ये 2015 पासून प्रत्येक केअर होमला आपली श्रेणी दर्शनी भागात आणि संकेतस्थळावर लावावी लागते, मग ती ‘अपुरी’ अशी का असेना.

मुंबईत हे अवघड नाही. महापालिकेकडे नोंदणीची यादी आहे. अग्निशमन दलाकडे फॉर्म बी आहेत. कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि राज्य कामगार विम्याची नोंद सरकारकडे आहे, ती हजेरीपटाशी ताडून पाहता येते. हे तीन कागद एकत्र आणून प्रत्येक विभागाची यादी लोकांसमोर ठेवायची आहे. नर्सिंग होमचे नाव, मंजूर खाटा, तपासणीच्या दिवशी भरलेल्या खाटा, रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका किती, शेवटचा फॉर्म बी कोणत्या तारखेचा, शेवटची तपासणी केव्हा, त्रुटी काय, दुरुस्त झाल्या का. एका पानाची माहिती आहे. ती संकेतस्थळावर हवी, आणि मोबाइलवर शोधायला ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नर्सिंग होमच्या दारात मराठीत, नोंदणी प्रमाणपत्राच्या शेजारी हवी. तपासणी वर्षातून किमान एकदा रात्री व्हावी. तपासणीला जाणाऱ्या पथकात परिचारिका असावी, कारण वळवण्याच्या तक्त्यातला खोटेपणा डॉक्टरच्या आधी तिच्या लक्षात येईल.

डॉक्टरांच्या संघटना म्हणतील की आधीच परवाने डझनभर आहेत, त्यात ही भर. त्यांचे हे म्हणणे पुष्कळ अंशी रास्त आहे. तेच कागद चार खात्यांना चार वेळा द्यावे लागतात, जुन्या इमारतीत दुसरा जिना काढायला सोसायटी परवानगी देत नाही, प्रशिक्षित परिचारिका परदेशी जातात. म्हणून परवाने एका खिडकीत आणा, जुन्या इमारतीतल्या नर्सिंग होमला सुधारणेसाठी मुदत द्या, कर्ज द्या, पुनर्विकासात त्यांच्यासाठी तळमजला राखा. फक्त आकडा लपवण्याची सवलत देऊ नका. सचोटीने चालवणाऱ्या डॉक्टरला या यादीची भीती नाही, उलट शेजारच्या गल्लीत अर्ध्या माणसांत अर्धे दर लावणाऱ्याशी त्याची जी केविलवाणी स्पर्धा चालली आहे ती यानेच थांबेल.

फॉर्म बी भरण्याचा पुढचा महिना उजाडेल तेव्हा ना. म. जोशी मार्गावरच्या जी-दक्षिण विभाग कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक नर्सिंग होमची आणि वृद्धांच्या प्रत्येक केअर होमची यादी, रात्रपाळीच्या आकड्यासह, आपल्या फलकावर लावावी. कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायट्यांनी आणि महिला मंडळांनी त्या यादीची प्रत लेखी अर्ज करून मागावी. नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात मागावी, आणि कोणत्या दिवशी मागितली त्याची पोच जपून ठेवावी.